आतल्या पिसांचा रंग

गुरुवार, तेरा नोव्हेंबर. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तीन नंबरच्या करकोच्याने उजवा पंख उघडला आणि पाठीलगतच्या आतल्या पिसांत गुलाबी रंग दिसला. साधारण चार सेकंद. मग पंख मिटला आणि काळी शेपटी, पिवळी चोच सोडली तर पक्षी पुन्हा सगळा पांढरा झाला. करुणाने वहीत वेळ लिहिली, पुढे 'गुलाबी' लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. शब्दाखाली रेघ ओढायची तिला सवय नव्हती. तिने ती रेघ पाहिली आणि लक्षात आलं की आपल्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं आहे.

मामला साधा होता. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका खाजगी पक्षी संगोपन केंद्रात दुधी करकोच्यांची जोडी होती. परदेशी पक्षी, रीतसर नोंदणी केलेले. त्यांची म्हणून तीन पिल्लं दाखवली होती, ती आता मोठी झाली होती. नांदेडच्या एका छायाचित्रकाराने वनविभागाला लेखी कळवलं की या तिघांत आपल्याकडच्या रंगीत करकोच्याचं रक्त दिसतं. रंगीत करकोचा धरणावर शेकड्याने उतरतो, पण त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. म्हणजे पिल्लं संकरित निघाली, तर आईबापांपैकी एक धरणावरून धरून आणलेला असणार, आणि मालकावर खटला होणार. पाहायला माणूस हवा होता. हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या करुणाने अशा पक्ष्यांवर दोन निबंध लिहिले होते. पत्र तिला आलं. पत्रासोबतच्या फॉर्मवर मालकाचं नाव होतं, विजयकुमार, आणि त्याचं मूळ गाव, कनेरगाव नाका. कलम नऊमध्ये विचारलं होतं : तपासणी करणाऱ्याचे मालकाशी नाते, असल्यास. तिने लिहिलं, 'नाही'. विजयकुमार तिच्या आईचा सख्खा भाऊ होता.

"मॅडम, मला तर सगळे बगळेच दिसून राहिले," वनपाल नरसिंग म्हणाला. तो जाळीच्या दाराशी उभा होता, हातात पकडायचं कापड घेऊन. "तुमी म्हणाल तो धरतो. पण चोच लई मोठी आहे बरं का याची."

"तीन नंबर," ती म्हणाली.

जाळीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर विजयकुमार बसला होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पायात कोल्हापुरी. साठीच्या जवळचा. बर्ड फ्लूच्या नियमाप्रमाणे तिच्या तोंडावर मास्क आणि डोक्यावर टोपी होती, त्यामुळे त्याला तिचे फक्त डोळे दिसत होते, आणि डोळे ती वडिलांचे घेऊन जन्मली होती. "निरखून बघा मॅडम," तो म्हणाला. "माझ्याकडं सगळं खानदानी आहे. नर, मादी, अंडं, समदे कागद बराबर आहेत." मग त्याने विचारलं, "मॅडम, गाव कोणतं तुमचं?"

"हिंगोली."

"हिंगोली तर झालंच. मूळ?"

"मूळही हिंगोलीच."

"आडनावावरून लक्षात येत न्हाई, म्हणून विचारलं. वाईट वाटून घेऊ नका."

तिला वाईट वाटलं नाही. हा प्रश्न तिने इतक्या तोंडांतून ऐकला होता की तो येण्याआधी माणसाच्या भुवया कशा हलतात, हेही तिला पाठ होतं. माणूस आधी नाव विचारतो, मग गाव, मग कोणत्या गल्लीत राहता. प्रत्येक उत्तराने चाळणी बारीक होत जाते. सहावीत असताना वर्गशिक्षकांनी तिच्या आईचं माहेर आणि वडिलांचं घर एकदा सगळ्यांसमोर जुळवून पाहिलं होतं. आई कनेरगावच्या जमीनदाराची, वडील भीमराज, एसटीत वाहक, हिंगोलीच्या बुद्धविहाराजवळ राहणारे. शिक्षक हसून म्हणाले होते, "म्हणजे आपली ही हायब्रीड," आणि वर्ग हसला होता, कारण हायब्रीड सगळ्यांना ठाऊक होती, ज्वारीची, खायला फिकी आणि जनावरांना बरी. पुढे एमएस्सीला तो शब्द पुस्तकात भेटला तेव्हा तिने त्याच्या व्याख्येवर बोट ठेवून ती तीनदा वाचली. व्याख्येत हसण्यासारखं काही नव्हतं. नंतर तिने तोच विषय घेतला. लोकांना वाटलं, तिला पक्षी आवडतात.

नरसिंगने पक्षी धरला. करुणाने पंख हळूच ताणला. आतली पिसं तीन-चार, मुळाशी पांढरी, टोकाकडे फिकट गुलाबी, कुंकवाचं बोट धुतल्यावर राहतं तेवढी. दुधी करकोच्यात ही पिसं पांढरी असतात. रंगीत करकोच्यात गडद गुलाबी. मधलं काही दिसलं की माणूस संकर म्हणतो. पक्ष्याच्या कातडीची ऊब हातमोज्यातून आली, आणि काळीज इतकं जोरात धडधडत होतं की ते पक्ष्याचं की आपलं, हे तिला ठरवता येईना. तिने फोटो काढले, मोजपट्टी धरून. प्रत्येक पक्ष्याची दोन पिसं वेगळ्या पाकिटात टाकली, प्रयोगशाळेसाठी. तीन नंबरचं एक गुलाबी पीस जास्तीचं घेतलं, स्वतःसाठी. वर जाळीच्या छतावर धरणावरून आलेले दोन रंगीत करकोचे उतरले होते. त्यांच्या पायांची सावली पिंजऱ्यातल्या मातीवर पडली होती आणि एक नंबरचा पक्षी मान वाकडी करून त्या सावलीकडे पाहत होता.

बेचाळीस सेकंद. मोबाईलमध्ये त्या कॉलची नोंद अजून होती, तिने ती पुसली नव्हती. तीन वर्षांपूर्वीचा मार्च, नांदेडच्या एका दवाखान्याची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, दुपारी पावणेचार. आई जाऊन वीस मिनिटं झाली होती. वडील बाकावर चपला काढून बसले होते, दोन्ही तळवे मांडीवर पालथे, जणू तिकिटाची पेटी अजून मांडीवर आहे. कोणीतरी कळवायला हवं, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. तिने स्वतः नंबर शोधला आणि लावला. पलीकडून आवाज आला, ती म्हणाली, "साधनाबाई वारल्या. तुमची बहीण. नांदेडला." थोडा वेळ पलीकडे मोटारीचा आवाज आला, शेतातली मोटार, पाणी पडत होतं. मग तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं तिचं सगळं झालेलं आहे. तेहतीस वर्षं झाली. दुसऱ्या कोणाला लावा." आवाजात राग नव्हता. भाव विचारणाऱ्याला माल संपला म्हणून सांगावं, तसा आवाज होता. त्यानंतर तीन वर्षं तिने त्या आवाजाला वेगवेगळ्या जागी उभं केलं होतं : कोर्टात, पोलीस ठाण्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, एकदा तर स्वप्नात, बसच्या मागच्या सीटवर, तिकीट नसलेला.

तेराव्याचं तिला आईनेच सांगितलं होतं, एकदाच, भाकरी थापताना, हसत. आई कॉलेजला कनेरगावहून हिंगोलीला बसने यायची. त्या बसवर भीमराज वाहक होता. आई निघून आली तो जून एकोणीसशे एकोणनव्वद. तेराव्या दिवशी घरच्यांनी तिचं तेरावं घातलं, भावाने डोकं भादरलं, गावाला जेवण दिलं. "माझ्या तेराव्याला बुंदी होती म्हणे," आई म्हणाली होती. "मला बुंदी आवडते, हे लक्षात ठेवलं त्यांनी." पुढे घरात कोणी आजारी पडलं की ती म्हणायची, मला काही होत नाही, मेलेल्या माणसाला ताप येत नाही. शेवटी आला. सतरा दिवस आला.

साडेबारा वाजता शकुबाई चहा घेऊन आली. पिंजरे झाडणारी, पक्ष्यांना मासळी घालणारी म्हातारी. विजयकुमारच्या घरी कनेरगावपासून कामाला होती, असं नरसिंग म्हणाला होता. विजयकुमार फोन घेऊन बांधाकडे गेला होता. करुणाने टोपी काढून घाम पुसला, पाठमोरी. मागे कपबशी वाजली.

"दोन भोवरे," शकुबाई म्हणाली.

करुणा वळली.

"तुह्या डोस्क्यात. दोन भोवरे हायेत. भांग काढायला लई तकलीफ. एक इकडं वळतो, एक तिकडं." तिने कपबशी जाळीच्या कठड्यावर ठेवली. "अशाच दोन भोवऱ्यांच्या डोस्क्याची बारा वर्सं म्या येणी घातली. तू साधनाची. व्हय का न्हाई?"

"व्हय," करुणा म्हणाली. कॉलेजात ती 'हो' म्हणायची.

"मास्क काढू नको. त्यायला कळलं न्हाई अजून." म्हातारीने बांधाकडे पाहिलं. "तेराव्याचा सैपाक म्याच केला व्हता. वाढलं बी म्याच. खाल्लं न्हाई. जित्या माणसाचं कोण खातं, बाई?" मग एकदम विचारलं, "गेली, असं आइकलं. कशी?"

"तापाने."

"लेकरू एकच का?"

"एकच."

"बरं," शकुबाई म्हणाली, आणि पदराने चहाचा कप झाकला, माशी बसू नये म्हणून.

शुक्रवारी करुणाने कच्चा अहवाल लिहिला. 'पक्षी क्रमांक तीन : आतली पिसं गुलाबी, संकराची दाट शक्यता. पक्षी क्रमांक दोन : छातीवर चार करडे ठिपके.' रंगीत करकोच्याच्या छातीवर काळा पट्टा असतो, पण असे ठिपके लहानपणच्या पिसाऱ्याचेही असू शकतात, हे तिला माहीत होतं. तिने ते कंसात लिहिलं, मग कंस खोडला. लिहिताना हात हलका होता. संध्याकाळी वडील डेपोमागच्या गल्लीतून भाजी घेऊन आले, टेबलावर पसरलेल्या फोटोंकडे उभ्यानेच पाहिलं आणि मालकाचं नाव वाचलं. मेथीची जुडी सोडत त्यांनी विचारलं, "तू गेली कशाला? न्हाई म्हणता येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

"मला जायचं होतं."

ते मेथी निवडत राहिले. "पस्तीस वर्षं त्याच रस्त्यावर माझी गाडी होती," ते म्हणाले. "तो चारदा चढला. पहिल्यांदा उतरून गेला. पुढच्या तीन वेळेस तिकीट काढलं. बराबर पैसे दिले, सुटे. तोंडाकडं पाहिलं न्हाई." एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मी पंच केलं आणि दिलं. तू काय लिहिलंस ते मला दाखवू नको. खरं असंल तर दाखवायची गरज न्हाई."

शनिवारी ती उरलेली मापं घ्यायला पुन्हा गेली. विजयकुमार हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यावर गेला होता. नरसिंगने पक्षी धरले, तिने चोचींची, पायांची, डोक्यावरच्या उघड्या कातडीची लांबी घेतली. शकुबाई बादलीतून मासे टाकत होती. करुणाने सहज विचारल्यासारखं विचारलं, पण ते सहज नव्हतं : "शकुमावशी, इथं कधी रंगीत पक्षी होता का, आत?"

म्हातारीने वर जाळीच्या छताकडे पाहिलं. "ते वर येऊन बसतात बघ. आतल्यायला पाहत राहतात. आत व्हता का न्हाई, मला म्हातारीला काय इचारतीस? मला तर हे तिघंच ठाऊक." मग तीन नंबरकडे बोट करून, काही विशेष नसल्यासारखं ती म्हणाली, "त्याचा पंख बरा हाय ना आता? दिवाळीच्या आधी जाळीत आडकला, लचक भरली. म्या हळद-चुन्याचा लेप दिला. आठ दिस. ऊन ऊन लावायचे. चोचीनं हाणलं मला, ह्ये बघ."

तिने मनगट दाखवलं. मनगटावर बारीक व्रण होता, आणि नखांच्या कडांना अजून लालसर रंग.

करुणाला पहिल्यांदा आठवला तो वास. सहावीत पाय मुरगळला तेव्हा आईने वाटीत हळद घेतली, त्यात चुना टाकला, आणि वाटीतलं पिवळं बघता बघता लाल झालं. आई म्हणाली होती, कुंकू असंच करतात, बघ, दोन रंग मिळून तिसराच. घोट्यावरचा तो लाल डाग महिनाभर गेला नव्हता. आधी लाल, मग गुलाबी. उन्हात विटला असता. पण पंखाच्या आतली पिसं उन्हात येत नाहीत. हिंगोलीत वाढलेल्या, दारात हळद शिजताना पाहिलेल्या बाईला हे गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण तिला ते गुलाबी हवं होतं.

घरी येऊन तिने जास्तीचं पीस बशीत ठेवलं आणि त्यावर लिंबू पिळलं. सहा वाजून पाच मिनिटांनी टोकाचा रंग पिवळा झाला. करकोच्याचा स्वतःचा गुलाबी लिंबाने पिवळा होत नाही. तिने फोटो काढला आणि बशीसमोर बसून राहिली.

हे तिघांना ठाऊक होतं. त्यातली शकुबाई आपल्याला काय ठाऊक आहे, हे जाणत नव्हती, नरसिंगने ऐकलं असलं तरी त्याला पिसांशी त्याचा संबंध लावता येणार नव्हता. राहिली ती स्वतः. शुक्रवारचा कागद तसाच दिला, तर सोमवारी गुन्हा दाखल होईल, मंगळवारी नांदेडच्या पेपरात फोटो येईल. प्रयोगशाळेचा निकाल यायला सहा महिने. सहा महिने तो दारोदार कागद घेऊन फिरेल, माझे पक्षी तसले नाहीत म्हणून सांगत, आणि लोक भुवया हलवून ऐकतील. निकाल काय येईल ते येवो. तिने ते सहा महिने एकेक करून डोळ्यांपुढे आणले. डिसेंबरमध्ये तो वकिलाकडे बसला होता. फेब्रुवारीत हळदीच्या काढणीला मजूर आपसात हसत होते. मार्चमध्ये, दुपारी पावणेचारला, तो कोणालातरी फोन लावत होता आणि पलीकडून उत्तर येत होतं, दुसऱ्या कोणाला लावा. तिला इतकं बरं वाटलं की ती उठून पाणी प्यायली.

पण पाणी पिताना तिच्या डोक्यात तेराव्याची पंगत आली. पत्रावळी, बुंदी, भादरलेलं डोकं. त्या दिवशी एका जिवंत बाईबद्दल एक खोटी नोंद झाली आणि सगळं गाव ती जेवलं. बशीतलं पिवळं पीस दडवलं, तर आपणही एक पंगत मांडणार. त्याने वापरलेलं भांडं तिला वापरायचं नव्हतं. क्षमेचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. तिला अजून हवं होतं, आणि जे हवं होतं ते खऱ्यानेच मिळणार होतं. तिने फॉर्म पुन्हा काढला आणि कलम नऊवर बोट ठेवलं.

सोमवारी सकाळी तिने वनविभागाच्या कार्यालयात अहवाल दिला. नरसिंगने तो उभ्याने वाचला, ओठ हलवत. 'पक्षी क्रमांक तीन : आतल्या पिसांचा गुलाबी रंग बाहेरून लागलेला आहे, हळद-चुन्याचा लेप. लिंबाच्या रसाने पिवळा होतो, छायाचित्र जोडले आहे. पक्षी क्रमांक दोन : ठिपके लहानपणच्या पिसाऱ्याचे असू शकतात. बाह्य लक्षणांवरून संकर सिद्ध होत नाही. पिसे प्रयोगशाळेकडे.'

"म्हणजे सुटला की माणूस," नरसिंग म्हणाला. मग त्याचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. कलम नऊ. 'आधी नाही असे लिहिले होते, ते चुकीचे आहे. नाते : भाची. मालकाची सख्खी बहीण साधना हिची मुलगी.' सोबत दोन कागद : करुणाचा जन्मदाखला, एकोणीसशे एक्याण्णव, आईच्या नावासकट, आणि आईचा मृत्यूदाखला, तीन वर्षांपूर्वीचा.

नरसिंगने तिच्याकडे पाहिलं, मग कागदांकडे. "मॅडम, हे आधी नसतं का सांगायचं? आता दुसऱ्याकडून पुन्हा बघावं लागंल."

"लागू द्या. माझी चूक आहे, तसं लिहिलंय."

"आणि प्रत्येक कलमापुढं मालकाची सही लागती. मान्य तर मान्य, न्हाई तर हरकत आणि हरकतीचं कारण. तोवर पाहुण्यांच्या फाटकाचं सील निघत न्हाई."

"माहीत आहे," करुणा म्हणाली.

विजयकुमारचा फोन बुधवारी दुपारी आला. करुणा दुसऱ्या तज्ज्ञासाठी मापांच्या प्रती द्यायला कार्यालयात आली होती. नरसिंगने स्पीकर लावला. बाकीच्या सगळ्या कलमांवर सह्या झाल्या होत्या, हळदीचं वाचून मालक शकुबाईवर आधी ओरडला होता आणि मग तिला साडीचे पैसे दिले होते, असं त्याने स्वतःच सांगितलं. मग आवाज बदलला.

"हे कलम नऊ कोणी लिवलं?"

"मॅडमनी, साहेब. नात्याचं आहे. खरं असंल तर मान्य लिहा."

"मला बहीण न्हाई."

"नव्हतीच, असं लिहू का?"

पलीकडे मोटार चालू होती. पाणी पडत होतं. करुणाने टेबलाची कड धरली.

"व्हती," विजयकुमार म्हणाला. "वारली."

"मग हरकत घ्या साहेब, त्यात काय. कारण लिहा, बहीण मयत. पुढं तारीख टाका. दोन ओळींत होतंय."

"कोणती तारीख?"

नरसिंगने फोनकडे पाहिलं, खरंच गोंधळून. "ज्या तारखेला वारली ती, साहेब. दाखला सोबत जोडलाच आहे. तुमच्याकडं दुसरी असंल तर दुसरी लिहा. फक्त मॅडमचा जन्म एक्याण्णवचा आहे, तेवढं बघा. मयत बाईला लेकरू झालं, असं सरकारी कागदावर चालत न्हाई."

फोन बंद झाला. करुणाने नंतर नरसिंगच्या मोबाईलवर पाहिलं : एक मिनिट अकरा सेकंद.

शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर. सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. पिसांची पाकिटं प्रयोगशाळेत पोचल्याची पोच आली आहे, निष्कर्ष नाही. दुसरा तज्ज्ञ ठरलेला नाही. केंद्राच्या पाहुण्यांच्या फाटकाला सील आहे आणि तिथली रविवारची दोन लग्नांची फोटोशूट रद्द झाली आहेत. दुपारी शकुबाईने शेजारच्या मोबाईलवरून फोन करून सांगितलं की मालक सकाळपासून पिंजऱ्यापुढच्या खुर्चीवर अहवाल मांडीवर घेऊन बसले आहेत, जेवले नाहीत, आणि त्यांनी तिला बोलावून विचारलं, "शकू, साधना गेली कधी गं?" ती म्हणाली, "म्या सांगितलं, मालक, तुमालाच ठावं. जेवण तुमीच घातलं व्हतं." अहवालाची प्रत अजून त्यांच्याकडेच आहे. कलम नऊपुढे सही नाही, तारीख नाही.